वाचक विचारतात : जुनं गाणं, तोच आवाज

प्रश्न : आजी दळताना म्हणायची त्या ओव्या आणि आजोबांचं पेटीवरचं भजन १९८६ साली घरीच टेप केलं होतं. कॅसेट नव्वद मिनिटांची आहे. आता लावली तर आवाज बसका येतो, आणि आजीचा आवाज खऱ्यापेक्षा बारीक वाटतो. घरी काही करता येईल का? (वाचक, कराड)

उत्तर : येईल. पण तोवर कॅसेट पुन्हापुन्हा लावून बघू नका. नव्वद मिनिटांची फीत साठच्या फितीपेक्षा पातळ असते. ती ताणली गेली की पूर्ववत होत नाही. मागच्या कडेला प्लास्टिकच्या दोन छोट्या पाकळ्या असतात. त्या शाबूत असतील तर मोडून टाका, म्हणजे चुकून त्यावर दुसरं काही टेप होणार नाही. फितीच्या गुंडाळीवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे. अशी कॅसेट यंत्रात घालू नका, जाणकाराकडेच द्या.

बसक्या आवाजाची कारणं बहुतेक वेळा दोन. पहिलं, हेडवर, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणाऱ्या यंत्रातल्या भागावर, साचलेला तपकिरी थर. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून तो पुसा. फीत पुढे ओढणाऱ्या रबरी चाकाला मात्र पाण्यात भिजवून पिळलेलं फडकं पुरतं. दुसरं, फितीला हेडवर दाबून धरणारी नमद्याची बारीक गादी. तिचा गोंद सुकला की ती गळून पडते. मग पाच स्क्रूची एखादी कोरी कॅसेट उघडा, तिची फीत काढून टाका आणि तुमची दोन्ही चाकं त्या खोक्यात बसवा. फीत कुठून कशी फिरते याचा मोबाइलवर आधी फोटो काढून ठेवा. फीत तुटलीच तर साधी चिकटपट्टी लावू नका, तिचा गोंद पाझरून हेडला चिकटतो. फीत जोडायची खास पट्टी मिळते. सेंटिमीटरभर फीत गेली तरी तोटा फक्त सेकंदाच्या पाचव्या भागाचा, कारण कॅसेट सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर धावते.

आजीचा आवाज बारीक येण्याचं कारण बहुधा सेल. टेप करताना सेल उतरलेले असले की फीत हळू फिरते, आणि नंतर नीट वेगाच्या यंत्रावर तोच आवाज चढा ऐकू येतो. इथे आजोबांची पेटी कामाला येईल. ती अजून घरात असेल तर भजनाचा सूर तिच्याशीच ताडून पाहा. मोबाइलवरच्या ट्यूनरवर (सूर मोजणाऱ्या ॲपवर) विसंबू नका, जुन्या पेट्या आजच्या सुरांशी तंतोतंत जुळत नाहीत. एका पट्टीचा (काळ्या पट्ट्याही धरून लगतच्या पट्टीइतका) फरक म्हणजे वेगात सुमारे ६ टक्के फरक. सुरुवातीचं आणि शेवटचं भजन वेगवेगळं तपासा, कारण सेल उतरत गेले असतील तर फरकही वाढत गेलेला असतो.

संगणकात घेताना लॅपटॉपच्या माइकच्या छिद्रात वायर घालू नका, आवाज फाटतो. लाइन-इन (टेपची वायर जोडायचं छिद्र) असलेलं छोटं यूएसबी साउंड कार्ड घ्या आणि ऑडॅसिटी हा मोफत प्रोग्राम वापरा. आवाजाची सर्वांत वरची टोकं उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान ठेवा. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल : एका बाजूला साधारण पाऊण जीबी जागा लागेल. वेग आणि बाकी सगळ्या सुधारणा दुसऱ्या प्रतीवर करा, मूळ फाइल आहे तशीच राहू द्या.

आणि एक कळकळीची विनंती. खरखर काढायचं बटण जपून वापरा. सतत एकसारखा येणारा आवाज म्हणजे खरखर, एवढंच त्या प्रोग्रामला कळतं. जात्याची घरघर त्याला खरखरच वाटते. ती गेली तर ओवीचा ताल गेला, कारण ओवीची चाल खुंट्यावरच्या हाताबरोबर चालते. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या जात्यावरच्या ओव्या जमवल्या, त्यात गाणारीचं नाव आणि गावही नोंदलेलं आहे. तुमच्या फाइलच्या नावातही आजीचं नाव, गाव आणि साल लिहा.

प्रश्न : आजोबांच्या नाट्यपदांच्या जुन्या तबकड्या सॅनिटायझरने पुसल्या तर पांढुरक्या झाल्या. आणि नाटकात अर्धा तास रंगणारी पदं इतकी छोटी कशी? (वाचक, सांगली)

उत्तर : मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या लाखेच्या असतात आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. जे झालं ते परत येणार नाही. बाकीच्या तबकड्या शुद्ध पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकून मऊ कापडाने, खाचेच्या दिशेने पुसा. कागदी लेबल भिजू देऊ नका. एलपीची सुई यांवर चालत नाही. ७८ची खाच कितीतरी रुंद असते, त्यासाठी वेगळी सुई लागते. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत, म्हणून आलापी आणि ताना छाटूनच पद बसवावं लागे.

प्रश्न : वडील म्हणतात, रेडिओवर ऐकलेलं गीतरामायण वेगळ्या आवाजांत होतं. आम्हाला तर सगळीकडे सुधीर फडकेच ऐकू येतात. (वाचक, ठाणे)

उत्तर : वडिलांची आठवण पक्की आहे. पुणे आकाशवाणीवर १९५५-५६मध्ये वर्षभर ही ५६ गीतं प्रसारित झाली, तेव्हा माणिक वर्मा, मालती पांडे, वसंतराव देशपांडे अशा अनेकांनी ती गायली. फडक्यांच्या एकट्याच्या आवाजातलं ध्वनिमुद्रण नंतरचं. शोधताना ओळीबरोबर ‘आकाशवाणी’ आणि गायकाचं नाव घाला. मुखडा आठवत नसेल तर अंतऱ्यातला एखादा अवघड शब्द टाका. ‘मन’, ‘चांद’ अशा शब्दांनी हजार गाणी समोर येतात.

प्रश्न : आईचं वय ८२. तिला विस्मरण होतं. तिच्यासाठी कुठली गाणी लावावीत? (वाचक, नागपूर)

उत्तर : तिच्या वयाच्या दहा ते पंचवीस वर्षांतली, म्हणजे साधारण १९५५ ते १९७० या काळात तिच्या कानावर पडलेली. त्या वयातल्या आठवणी सर्वांत घट्ट राहतात. फक्त सिनेमाची गाणी घेऊ नका. माहेर पुण्याकडचं असेल तर भोंडला, सातारा-कोल्हापूरकडचं असेल तर हादगा, विदर्भ-खानदेशातलं असेल तर भुलाबाई. शिवाय भूपाळ्या, आरत्या आणि पाळणे.

पाच-सहाच गाणी निवडा. पंखा आणि टीव्ही बंद करा, स्पीकर तिच्या समोर ठेवा. एका वेळी एकच गाणं लावा आणि ते संपल्यावर दोन मिनिटं काहीच लावू नका, ती बोलली तर त्याच वेळी बोलते. मध्ये जाहिरात आली की ती गोंधळून जाईल, म्हणून गाणी फोनमध्ये उतरवून ठेवा आणि पुढचं गाणं आपोआप लागण्याची सोय बंद करा. ‘हे कुणाचं गाणं, सांग’ असं विचारू नका, ती परीक्षा होते. त्यापेक्षा पहिली ओळ तुम्ही म्हणा आणि थांबा. याने आजार बरा होत नाही, पण ती दुसरी ओळ म्हणण्याची शक्यता बरीच असते. एखाद्या गाण्याला ती रडली तर गाणं थांबवा, हात धरा, आणि पुन्हा लावायचं की नाही हे तिच्या सवयी माहीत असलेल्या मावशीला किंवा मामाला विचारून ठरवा.