विचारा ताईंना: शाळेसाठी पैसा कुठे मिळतो अन् पुरस्काराचा अर्ज कसा भरायचा

मागच्या अंकात मी सहज एक ओळ लिहिली होती, की शाळेच्या खर्चाबद्दल किंवा शिक्षक पुरस्काराबद्दल कोणाला काही विचारायचं असेल तर कळवा. तेवढ्यावर इतके मेसेज आले की दोन दिवस मी तेच वाचत बसले. बरेच प्रश्न एकसारखे आहेत म्हणून चार निवडले. नावं मुद्दाम टाकत नाही, कारण ऑफिसमध्ये कोण काय अर्थ काढेल सांगता येत नाही आणि लिहिणाऱ्याला उगाच त्रास नको.

प्रश्न: ताई, नमस्कार. आमची झेडपीची शाळा सावनेर तालुक्यात आहे, पट 42, आम्ही दोनच शिक्षक. पुस्तकं ठेवायला कपाट नाही, विज्ञानाचं साहित्य तुटलेलं आहे. दरवर्षी आम्ही दोघं खिशातून घालतो, पण आता जमत नाही. अर्ज कुठे करायचा?

सर, सगळ्यात आधी खिशातून जे घालता ते एका वहीत लिहायला लागा, तारीख टाकून, बिल चिकटवून. पैसे परत मिळतील म्हणून नाही सांगत, तर ती वहीच उद्या तुमच्या अर्जाचा सगळ्यात मोठा पुरावा होते म्हणून सांगते.

माझीच गोष्ट सांगते. मी मुख्याध्यापिका असताना एका कंपनीचे साहेब स्वतःहून शाळेत आले, काय पाहिजे म्हणाले, आणि मी म्हटलं शाळेला काहीतरी मदत करा. काहीतरी म्हटलं तर काहीतरीच मिळतं, दप्तरं आली, आणि दप्तरं पोरांकडे आधीच होती. त्या दिवशी मी घरी जाऊन रडले, कारण पावसाळ्यात माझ्या दुसरीच्या वर्गात पाणी गळत होतं आणि ते माझ्या तोंडातून निघालंच नाही. पुढच्या वर्षी एक पान लिहून ठेवलं, मुलं किती, कोणत्या वर्गात काय कमी, त्याला खर्च किती, तीन दुकानांची कोटेशनं, आणि ती वस्तू आल्यावर कोण सांभाळणार. ते पान घेऊन पाच ठिकाणी गेले, तीन ठिकाणी नाही म्हणाले, दोन ठिकाणी काम झालं.

आता तुमची शाळा. सरकारी शाळेला समग्र शिक्षा या शालेय शिक्षणाच्या सरकारी योजनेतून संयुक्त शाळा अनुदान येतं. 42 पट म्हणजे वर्षाला 25 हजाराच्या गटात तुम्ही बसता, 101 ते 250 पट असला तर 50 हजार, त्याच्यावर 1,000 पर्यंत 75 हजार. यातला किमान 10 टक्के स्वच्छतेवर घालायचा असतो, बाकी दुरुस्ती, लाईट बिल, किरकोळ साहित्य. ग्रंथालयाचं आणि खेळाच्या साहित्याचं अनुदान वेगळं असतं, प्राथमिकला दोन्हीसाठी 5-5 हजार धरलेले आहेत. म्हणजे पुस्तकांसाठी दारोदार फिरायच्या आधी केंद्रप्रमुखांना विचारा की यंदा आपल्या केंद्राला ग्रंथालयाचं किती आलं आणि कोणती पुस्तकं आली, कारण कधी पैसे न येता थेट गठ्ठेच येतात आणि ते पंचायत समितीत पडून राहतात.

तुमच्या तालुक्याचं एक भाग्य आहे आणि ते लोकांच्या लक्षातच येत नाही. सावनेरकडे कोळशाच्या खाणी आहेत, खापा भागात मॅंगनीजची खाण आहे, आणि कोळशाची वेस्टर्न कोलफिल्ड्स काय किंवा मॅंगनीजची मॉईल काय, दोन्हीची मुख्यालयं आपल्या नागपुरातच. वेस्टर्न कोलफिल्ड्स ही कोल इंडियाचीच कंपनी, आणि कोल इंडियाच्या धोरणात सीएसआरचा, म्हणजे कंपनीनं समाजकामावर खर्च करायचा, 80 टक्के पैसा खाणीच्या 25 किलोमीटरच्या आत खर्च करायचा असं आहे. तेव्हा शाळेपासून जवळची खाण किती किलोमीटर ते मोजून अर्जाच्या पहिल्या ओळीत लिहा. दुसरं दार कलेक्टर ऑफिसात, जिल्हा खनिज प्रतिष्ठान. 2015 मध्ये खाण कायदा बदलला तेव्हापासून खाणवाल्यांना खाणबाधित भागासाठी रॉयल्टीच्या वर काही टक्के रक्कम तिथे भरावी लागते आणि शिक्षण हे त्यातल्या प्राधान्याच्या कामांत येतं. तुमचं गाव बाधित गावांच्या यादीत आहे का ते ग्रामपंचायतीत विचारा. असेल तर एकट्या शिक्षकाच्या सहीनं अर्ज देऊ नका, शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, ग्रामपंचायतीचा ठराव, आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांची शिफारस, तीन कागद सोबत लावा. समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, त्यांच्या सह्या असल्या की साहेब लोक कागद बाजूला ठेवायला कचरतात.

वेळही सांगून ठेवते. 2 टक्के नफा सीएसआरवर खर्च करायचा कायदा ज्या कंपन्यांना लागतो त्यांना वर्षाचा आराखडा बनवावा लागतो, म्हणून दिवाळीनंतर ते जानेवारीपर्यंत अर्ज पोचला पाहिजे. मार्चमध्ये गेलात तर गोड बोलून चहा पाजतात आणि पुढच्या वर्षी या म्हणतात.

विद्यांजली या देणारे आणि शाळा जोडणाऱ्या सरकारी पोर्टलवरही शाळेची गरज टाका, 2021 पासून सरकारी आणि अनुदानित शाळांना ते खुलं आहे. युडायस नंबर, म्हणजे शाळेचा सरकारी ओळख नंबर, लागतो, आपल्या जिल्ह्याचा 2709 नी सुरू होतो तोच 11 आकडी. तिथे मोघम लिहू नका, "लोखंडी कपाट, साडेसहा फूट, 2 नग" असं लिहा. आणि वस्तू आली की त्याच दिवशी डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, चढवा, फोटो काढा, उपयोगिता प्रमाणपत्र मागायची वाट न बघता स्वतःच देऊन या. ज्यानं एकदा दिलं त्याच्याकडे पुन्हा जाता आलं पाहिजे ना.

प्रश्न: मी नागपुरात महाल भागातल्या एका अनुदानित शाळेत 17 वर्षांपासून गणित शिकवते. सहकारी म्हणतात राष्ट्रीय शिक्षक पुरस्कारासाठी अर्ज कर. पण स्वतःच स्वतःचं नाव द्यायचं हे मला पटत नाही, लाज वाटते. आणि मी काही टीव्हीवर येण्यासारखं केलेलं नाही.

मॅडम, लाज कशाची? 2018 पासून राष्ट्रीय पुरस्काराची पद्धतच अशी आहे की शिक्षकानं स्वतः पोर्टलवर नाव भरायचं. त्याच्या आधी वरून शिफारशी जायच्या आणि ज्याची ओळख त्याचं नाव पुढे, हे आपण सगळ्यांनीच बघितलंय. आता शांतपणे शिकवणाऱ्या बाईला कोणाच्या दारात उभं न राहता अर्ज करता येतो, ही मला तरी मोठी गोष्ट वाटते.

किमान 10 वर्षं नियमित सेवा पाहिजे, तुमची 17 आहेत. कंत्राटी शिक्षकांना चालत नाही. खासगी ट्यूशन घेत असाल तर अर्ज करूच नका, ती स्पष्ट अट आहे. आधी जिल्ह्याची समिती, मग राज्याची, मग दिल्लीची ज्युरी, आणि 5 सप्टेंबरला दिल्लीत समारंभ. प्रमाणपत्र, रौप्यपदक आणि 50 हजार रुपये. 1958 पासून हा पुरस्कार देतात.

मोजायची पद्धत बघा म्हणजे भीती जाईल. 100 पैकी 10 मार्क हे मोजता येतील अशा गोष्टींचे, 90 मार्क कामाचे, म्हणजे मुलांच्या शिकण्यात काय फरक पडला, काय नवीन केलं, समाजाला कसं जोडलं. तुम्ही लिहिलंय टीव्हीसारखं काही नाही, पण त्याच पत्रात खाली तुम्ही लिहिता की नववीत येणाऱ्या मुलांना अपूर्णांक येत नाहीत म्हणून तुम्ही दर शनिवारी शाळा सुटल्यावर पाऊण तास बसता, कापडी पट्ट्या आणि बांगड्यांनी शिकवता. अहो, हेच तर लिहायचं! फक्त त्याला पुरावा लागतो. जूनअखेर आपल्या विदर्भातल्या शाळा उघडल्या की पहिल्या आठवड्यात मुलांची 10 गणितांची चाचणी घ्या, पेपर जपून ठेवा, डिसेंबरात तीच पुन्हा घ्या, मार्चमध्ये पुन्हा. किती मुलांना आधी येत नव्हतं आणि आता येतं हे दोन आकड्यांत सांगता आलं की अर्ज उभा राहतो. ज्या मुलांना शेवटपर्यंत आलं नाही त्यांच्याबद्दलही लिहा, त्यांच्यासाठी काय करून बघितलं ते लिहा, परीक्षकांना खरं कळतं.

अर्जात "मी विद्यार्थ्यांच्या सर्वांगीण विकासासाठी सदैव प्रयत्नशील आहे" असली वाक्यं नका टाकू, प्रत्येकाच्या अर्जात ती असतात. त्या जागी एका पोराची गोष्ट लिहा, नाव बदलून.

2024 आणि 2025 मध्ये अर्ज जून-जुलैत घेतले, आणि तेव्हा आपल्याकडे प्रवेश, पुस्तकं वाटप, पहिल्या पावसाची गळती, सगळं एकदम अंगावर आलेलं असतं. म्हणून मे महिन्यातच, कूलरसमोर बसून का होईना, मसुदा करून ठेवा. फोटो, व्हिडिओ, अहवाल एका फोल्डरमध्ये, फाईलच्या नावात तारीख.

राष्ट्रीयला एकदम उडी नको वाटत असेल तर राज्याचा क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले राज्य शिक्षक गुणगौरव पुरस्कार आहे, त्यात प्राथमिक, माध्यमिक, आदिवासी भागातले, कला-क्रीडा, दिव्यांग, स्काऊट-गाईड असे वेगवेगळे गट असतात. आणि माझं मत विचाराल तर आधी एससीईआरटीची, म्हणजे राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची, नवोपक्रम स्पर्धा करा, डायट या जिल्ह्याच्या शिक्षक प्रशिक्षण संस्थेकडून त्याचं पत्र येतं. त्यात पूर्ण अहवाल लिहावा लागतो, गरज काय होती, काय केलं, काय निघालं. तो एकदा हातून लिहिला गेला की पुढचा प्रत्येक अर्ज त्यातूनच निघतो. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले गुरुजी 2020 मध्ये 10 लाख डॉलरचा ग्लोबल टीचर प्राईझ घेऊन आले आणि अर्धी रक्कम बाकीच्या नऊ जणांत वाटली, ते सगळ्यांना माहीत आहे, पण सुरुवात त्यांनीही झेडपीच्या छोट्या शाळेतल्या पुस्तकांवर क्यूआर कोड चिकटवूनच केली होती.

प्रश्न: हिंगण्याहून लिहितोय. मला व्हॉट्सअॅपवर मेसेज आला की तुमची राष्ट्रीय पातळीच्या शिक्षकरत्न पुरस्कारासाठी निवड झाली आहे, नोंदणी शुल्क 3,500 रुपये, ट्रॉफी आणि फेटा मिळेल. भरू का?

नका भरू सर. तुम्ही अर्ज केला नाही, तुमचा वर्ग कोणी बघितला नाही, मग निवड कशावरून झाली? राष्ट्रीय पुरस्काराला, राज्याच्या पुरस्काराला शिक्षकाकडून पैसे मागत नाहीत. त्या 3,500 मध्ये वर्गाला भिंतीवरचा नकाशा, पृथ्वीगोल आणि वरून काही गोष्टींची पुस्तकं येतात. मला वाईट याचं वाटतं की मनापासून काम करणाऱ्या माणसाला कौतुकाची भूक असते आणि हे लोक नेमकं तिथेच बोट ठेवतात. तुमच्या शाळेतल्या दुसऱ्या कोणाला तोच मेसेज आला असेल तर त्यांनाही सांगा.

प्रश्न: मी उमरेडजवळच्या एका विनाअनुदानित शाळेत विज्ञान शिकवते, कंत्राटी आहे. सरकारी अनुदान आम्हाला नाही, पुरस्काराला मी पात्र नाही. आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी अमेरिकेत आहे, तो लॅबसाठी पैसे पाठवतो म्हणतो. घेता येतील का? आणि आमच्यासारख्यांना दुसरं काही आहे का?

बाई, आधी दुसऱ्या प्रश्नाचं. इन्स्पायर मानक पुरस्कार मुलांसाठी आहे आणि त्याला खासगी शाळाही चालते. सहावीपासूनच्या मुलांच्या नवीन कल्पना शाळेनं पोर्टलवर भरायच्या, एका शाळेला 5 कल्पना पाठवता येतात, निवड झाली की मॉडेल बनवायला 10 हजार रुपये थेट मुलाच्या खात्यात. इथे एक गोष्ट आधीच करून घ्या, मुलाचं बँक खातं चालू आहे का आणि नावाचं स्पेलिंग आधारशी जुळतं का, निवड होऊनही पैसा इथेच अडकतो. कल्पना मात्र मुलाचीच पाहिजे, दुकानातलं मॉडेल नको. तुमच्याकडे खाणीची धूळ आहे, संत्र्याच्या बागा आहेत, मिरची आहे, पोरांना विचारा घरी आईला कशाचा त्रास होतो, ते तुमच्यापेक्षा जास्त सांगतील. मार्गदर्शक शिक्षक म्हणून तुमचं नाव लागतं, आणि कंत्राटी माणसाच्या फाईलला तेही मोलाचं असतं. संस्थेकडे जागा असेल तर नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅबवर लक्ष ठेवा, त्यात 20 लाखांपर्यंत मिळत आले आहेत, 10 लाख उभारणीला आणि 10 लाख पाच वर्षं चालवायला, पण अर्ज नेहमी उघडे नसतात आणि मोठी खोली लागते.

"मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा" अभियान 2024 मध्ये झालं त्यात सरकारी शाळांचा गट वेगळा आणि बाकी व्यवस्थापनाच्या शाळांचा वेगळा होता, तालुक्यात पहिलं बक्षीस 3 लाखांचं आणि राज्यात 51 लाखांचं. पुन्हा जाहीर झालं की तुमचे मुख्याध्यापक नको म्हणाले तरी मागे लागा.

आता अमेरिकेचा पैसा. त्या मुलाला पहिला प्रश्न विचारा, पासपोर्ट कोणता? भारतीय पासपोर्ट असेल आणि तो स्वतःच्या बचतीतून बँकेच्या रीतसर मार्गानं पाठवत असेल तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर मात्र एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय संस्थेनं एक डॉलरही घ्यायचा नाही, आणि ज्यांची नोंदणी आहे त्यांचंही ते खातं दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच लागतं. कोणी म्हणेल की तुमच्या पर्सनल खात्यात मागवा, मग शाळेला द्या. तसं अजिबात करू नका बाई, मन कितीही साफ असलं तरी उत्तरं तुम्हालाच द्यावी लागतील. पैसा संस्थेच्या खात्यात, पावती संस्थेची, पासपोर्टची झेरॉक्स फाईलला. संस्थेकडे आयकर खात्याची 12ए आणि 80जी नोंदणी आहे का तेही सचिवांना विचारा, कारण कंपनीचा सीएसआर तुमच्या संस्थेमार्फत घ्यायचा तर ते दोन्ही आणि कंपनी व्यवहार मंत्रालयाची सीएसआर-1 नोंदणी लागते, शिवाय तीन वर्षांचं कामही दाखवावं लागतं. सचिव टाळाटाळ करत असतील तर मला पुन्हा लिहा, ठरावाचा एक नमुना माझ्याकडे आहे तो पाठवते.