चर्चनं दारूच्या दुकानात पडावं का?

प्रश्न : ताई, आम्ही वसई तालुक्यातल्या एका गावात राहतो. गावात कॅथलिक घरं जास्त, त्याखालोखाल आगरी आणि वाडवळ, आणि बाहेरच्या अंगाला वारल्यांचा पाडा. नाक्यावर देशी दारूचं दुकान आहे. गेल्या महिन्यात रविवारच्या मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधीत, फादरनी प्रवचनात सांगितलं, की बायकांनी आडव्या बाटलीसाठी, म्हणजे दुकान बंद करायच्या मतदानासाठी, सह्या गोळा कराव्यात, चर्च पाठीशी उभं राहील. तेव्हापासून गावात दोन तट पडलेत. माझा नवरा आणि दीर म्हणतात, फादरनी देवाचं बघावं, गावच्या भानगडीत पडू नये. दुकानाचा गाळा आमच्याच धर्मग्रामातल्या (पॅरिशमधल्या) एका कुटुंबाचा आहे, त्यांनी सणाची देणगी बंद करू असा निरोप धाडलाय. कुणी म्हणतं, मिस्सात वाइन चालते, लग्नाच्या मांडवात बाटल्या चालतात, मग पाड्यावरच्या माणसाची देशीच तुमच्या डोळ्यात का खुपते? यावर मला काही बोलता आलं नाही. मी सही करावी का? आणि चर्चनं यात पडावं का?
— एक वाचक, वसई

उत्तर : सही जरूर करा. ती तुम्ही मतदार म्हणून करणार आहात, तिला ना फादरची परवानगी लागते ना नवऱ्याची. चर्चनं पडावं का, याचं उत्तर मात्र मला जरा लांबून द्यावं लागेल, कारण चर्च आणि दारू हा वाद मी जवळून पाहिला तो मिझोराममध्ये. बँकेच्या नोकरीत २०१४ ते २०१७ माझी बदली ऐझॉलला होती.

तिथे शंभरातली ८७ माणसं ख्रिस्ती आहेत, उत्तरेला बहुतेक प्रेस्बिटेरियन आणि दक्षिणेला बॅप्टिस्ट, दोन्ही प्रोटेस्टंट पंथ. १८९४ मध्ये पहिले मिशनरी पोचले तेव्हा ‘झू’ या तांदळाच्या दारूशिवाय तिथला कुठला सण, कुठली शिकार साजरी होत नसे. तीन वर्षांनी वेल्समधले मिशनरी आले. वेल्सची ही चॅपलवाली मंडळी, म्हणजे सरकारी चर्चपासून वेगळे झालेले प्रोटेस्टंट, दारूच्या बाबतीत फार कडवी. त्यांच्याच रेट्यामुळे १८८१ मध्ये खास वेल्सपुरता कायदा होऊन रविवारी तिथले पब बंद झाले होते. तो कडवेपणा त्यांच्याबरोबर मिझो डोंगरात आला आणि रुजला. १९९५ मध्ये राज्याचा संपूर्ण दारूबंदीचा कायदा झाला, १९९७ पासून तो लागू झाला, आणि त्यामागे चर्चचा जोर होता हे तिथे कुणीच लपवत नाही.

मी गेले त्याच वर्षी काँग्रेस सरकारनं तो कायदा बदलला. मार्च २०१५ मध्ये दुकानं उघडली. आमच्या शाखेच्या वरच्या चढावर एक होतं. लोक दारूच्या परवान्याचं कार्ड हातात धरून रांगेत उभे राहत, पाऊस असला तर ते प्लास्टिकच्या पिशवीत. आमच्याच शाखेतले एक वयस्क सहकारी चर्चचे ‘उपा’ होते, म्हणजे मंडळीनं निवडलेले ज्येष्ठ. त्यांचा भाचा त्या रांगेत असायचा. बँक सुटली की उपा चढावर जायचे, रांगेपासून थोडं दूर थांबायचे आणि भाचा बाटली घेऊन निघाला की त्याच्याबरोबर घरापर्यंत चालत जायचे. वाटेत घरच्या गप्पा, दारूचा विषय नाही. बँकेत हेच गृहस्थ या कायद्याबद्दल तावातावानं बोलायचे, बंदी परत आली पाहिजे म्हणायचे. बंदी होती तेव्हा भाचा काय प्यायचा, असं मी एकदा विचारलं. ‘आसामातल्या सिलचरकडून चोरून आलेली. ती नाही मिळाली तर कुणीतरी घरी गाळलेली,’ ते म्हणाले, आणि तरीही बंदीच हवी म्हणाले. मला त्यांचं हे दुसरं म्हणणं तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. पण भाच्याबरोबर चालत जाण्याचा त्यांचा हक्क कुणी नाकारू शकणार नाही, आणि चर्चला या विषयात तोंड उघडण्याचा जो काही हक्क पोचतो तो अशा माणसांमुळेच पोचतो.

पुढचं तुम्ही वाचलं असेल. २०१८ च्या निवडणुकीत मिझो नॅशनल फ्रंटनं बंदी परत आणायचं वचन दिलं, ते जिंकले, २०१९ मध्ये बंदी परत आली. २०२३ मध्ये तेही सरकार गेलं आणि मार्च २०२५ मध्ये नव्या सरकारनं स्थानिक पिकांपासून केलेल्या वाइनला आणि बीअरला वाट मोकळी करून दिली. केरळातही असंच. २०१४ मध्ये ओमन चांडींच्या सरकारनं पंचतारांकित हॉटेलं सोडून बाकीचे बार बंद करायचं ठरवलं, कॅथलिक बिशपांच्या मद्यविरोधी आयोगानं त्याला बळ दिलं, सुप्रीम कोर्टानंही २०१५ मध्ये ते धोरण उचलून धरलं. २०१६ मध्ये नवं सरकार आलं आणि २०१७ मध्ये तीन तारांकित हॉटेलांचे बार पुन्हा सुरू झाले. बिशपांनी विरोध केला, त्याचा उपयोग झाला नाही. राजधानीत जाऊन सरकारकडून कायदा मिळवला की तो पुढच्या सरकारच्या हाती जातो, आणि मधल्या वर्षांत चर्चला वाटत राहतं की आपलं काम झालं.

म्हणून तुमच्या फादरनी जे केलं ते मला मनापासून आवडलं. त्यांनी मंत्र्याला निवेदन दिलं नाही, तुम्हा बायकांना सह्या गोळा करायला सांगितलं. वेल्समध्ये शेवटी हेच झालं. १९६१ मध्ये रविवारच्या पबचा निर्णय जिल्ह्याजिल्ह्यातल्या मतदारांवर सोपवला आणि दर सात वर्षांनी पुन्हा मत घ्यायची सोय ठेवली. चॅपलवाल्यांना दर वेळी घरोघर जाऊन लोकांना पटवावं लागायचं. पश्चिमेकडचे जिल्हे कितीतरी वर्षं बंदीच्या बाजूनं राहिले, एकेक करून सुटत गेले, आणि १९९६ मध्ये शेवटच्या द्वयवोर जिल्ह्यानंही रविवारी पब उघडायच्या बाजूनं मत दिलं. चॅपलं हरली असं कुणी म्हणेल. मी म्हणेन, लोकांना तोवर बंदी हवी होती, मग नको झाली, आणि दोन्ही वेळा निर्णय त्यांचाच होता.

आता आपल्याकडचं. २००८ च्या आदेशाप्रमाणे गावातल्या महिला मतदारांपैकी किंवा एकूण मतदारांपैकी एक चतुर्थांश जणांनी सह्यांचा अर्ज केला, की उत्पादन शुल्क खातं सह्या तपासतं आणि गुप्त मतदान लावतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. यातली मेख नीट लक्षात घ्या. निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात ती यादीतल्या मतदारांच्या हिशेबानं, त्या दिवशी आलेल्यांच्या नव्हे. यादीत हजार बायका असतील तर पाचशे एक आडव्या बाटल्या लागतात. घरी बसलेली बाई, माहेरी गेलेली बाई, मेलेली पण यादीतून न काढलेली बाई, या सगळ्या दुकानाच्या बाजूनं मोजल्या जातात. आधी मतदार यादी हातात घ्या आणि सह्यांच्या आधी ती दुरुस्त करून घ्या. नियमांत अधूनमधून बदल होतात, तेव्हा आज काय लागू आहे ते राज्य उत्पादन शुल्क अधीक्षकांच्या कार्यालयातून लेखी मागून घ्या.

या हिशेबामुळेच एकट्या चर्चच्या बळावर तुमचं काम होणार नाही. वारली बायका आणि आगरी बायका आल्या नाहीत तर तुम्ही हरलात. आणि त्या फादरच्या शब्दावर का येतील? दुकानदार दुसऱ्याच दिवशी पाड्यावर जाऊन सांगेल, की ही ख्रिश्चनांची मोहीम आहे, तुमची सवय त्यांना बघवत नाही. फादरनी चर्चमध्ये बोलावं, जरूर बोलावं, पण सह्यांचं टेबल चर्चच्या आवारात नको. ते शाळेपाशी किंवा ग्रामपंचायतीपाशी मांडा आणि पहिली बैठक पाड्यावर घ्या. तिथल्या बायका सगळ्यात जास्त सोसतात असं तुम्ही धरून चालला असाल तर ते त्यांच्याच तोंडून ऐका, त्यांना काय हवं ते विचारा. कदाचित त्या तुमच्याआधी सही करतील. कदाचित म्हणतील, आधी तुमच्या मांडवातल्या बाटल्या काढा.

मिस्सातल्या वाइनच्या टोमण्यानं तुम्ही गप्प झालात, पण त्याचं उत्तर सोपं आहे. तो धर्मविधी आहे, धंदा नाही, आणि आपल्या १९४९ च्या दारूबंदी कायद्यातही धर्मविधीच्या वाइनची वेगळी सोय ठेवलेली आहे. कॅथलिक चर्च दारूला पाप म्हणत नाही, संयम शिकवतं. काना गावच्या लग्नात येशूनं पाण्याचा द्राक्षारस केला, हे तुम्ही लहानपणापासून ऐकत आलात.

मांडवाचं उत्तर मात्र तुमच्याकडे नाही, आणि माझ्याकडेही नाही. तिथे टोमणा मारणाऱ्याचं बरोबर आहे. लग्नाच्या आदल्या रात्री बागायतदाराच्या मांडवात महागडी विलायती चालते आणि मजुराची पावशेर देशी तेवढी सैतानाची, हे कुणाच्याही पोटात सलेल. फादरना भेटा आणि सांगा, की सह्या देण्याआधी पॅरिश कौन्सिलनं स्वतःचा एक ठराव करावा : चर्चच्या हॉलमध्ये दारू नाही, आणि ज्या घरच्या मांडवात दारू असेल तिथे कौन्सिलचे सदस्य पंगतीला बसणार नाहीत. हे जड जाईल. देणगी बंद होण्यापेक्षाही जड जाईल, कारण यात घरातलीच माणसं दुखावतात. पण हा ठराव झाला तर पाड्यावरच्या बैठकीत तुम्हाला मान खाली घालावी लागणार नाही.

गाळ्याच्या मालकांबद्दल एवढंच, की त्यांचं नाव प्रवचनात किंवा बैठकीत निघू देऊ नका. त्यांच्या घरी कुणीतरी वडीलधाऱ्यानं जावं आणि दुकान गेलं तर भाडं कुठून येईल, हा त्यांचा प्रश्न मनापासून ऐकून घ्यावा. दुसरा भाडेकरू शोधायला गावानं मदत केली तर त्यात गावाचाच फायदा. देणगीच्या धमकीला फादरनी उत्तर देऊ नये. तुमच्या नवऱ्यालाही बैठकीला न्या, त्यांच्या हरकतीत तथ्य आहे. मिस्सात माणूस प्रार्थनेला येतो, उलट बोलू शकत नाही. ग्रामसभेत बोलू शकतो.

आणि एक काम मतदानाची वाट न पाहता आत्ताच सुरू करा. दुकान बंद झालं तर अधूनमधून पिणारा दुसरीकडे जाईल किंवा सोडेल. पण जो रोज सकाळपासून पितो त्याची एकदम तुटली तर हात थरथरतात, भास होतात, झटके येतात, जीवही जाऊ शकतो. त्याला घरात कोंडू नका, डॉक्टरकडे न्या. गावात असे कोण कोण आहेत ते बायकांना ठाऊक असतं. ऐझॉलला सिनॉड, म्हणजे प्रेस्बिटेरियन चर्चची मध्यवर्ती सभा, स्वतः नशामुक्ती केंद्र चालवते. तुमच्या धर्मग्रामाला तेवढं झेपणार नाही, पण हॉलची एक खोली आठवड्यातून एक संध्याकाळ अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या मदतगटाच्या, बैठकीला देता येईल. मुंबईत कित्येक चर्चांच्या आवारात या बैठका चालतात, सगळ्या धर्मांची माणसं येतात, फी नसते, नाव विचारत नाहीत. त्या खोलीसाठी फादरना येत्या रविवारीच विचारा.