ऑक्ल्यूजन इफेक्टला मराठीत काय म्हणावं? आवाज अडतो की कोंडतो?

प्रश्न असा आलाय: ऑडिओलॉजी म्हणजे श्रवणशास्त्र शिकणाऱ्या एका मुलीला प्रोजेक्टची माहिती मराठीत लिहायचीये, विषय आहे कान बंद केल्यावर ऐकण्यावर काय परिणाम होतो त्याचं कॉम्प्युटर मॉडेल. यातल्या 'ऑक्ल्यूजन इफेक्ट'ला तिला 'अवरोध परिणाम' हा शब्द सुचवला गेलाय, मैत्रीण म्हणते सरळ 'दडे बसणे' लिही, आणि तिला स्वतःला 'कानकोंडेपणा' आवडलाय. यातलं बरोबर कोणतं?

माझ्या मते तिन्ही नाहीत, पण तिसऱ्यात जो 'कोंड' आहे ना, तिथेच उत्तर आहे.

आधी करून बघा. दोन्ही कानांत बोटं हलकेच घाला आणि 'आ' म्हणा, मग 'ई' म्हणा. 'ई' म्हणताना डोकं भरून जातं, रांजणात तोंड घालून बोलल्यासारखं, 'आ'ला तेवढं होत नाही. चिवडा खाताना किंवा पाय आपटत चालताना कान बंद केले तरी तेच, प्रत्येक घास आणि प्रत्येक पाऊल मोठं ऐकू येतं. म्हणजे कान बंद केल्यावर बाहेरचं कमी ऐकू येतं हे तर खरंच, पण त्याच वेळी स्वतःच्या अंगातलं जास्त ऐकू येतं, आणि ऑक्ल्यूजन इफेक्ट म्हणतात ते या दुसऱ्या गोष्टीला. म्हणून 'अवरोध' हा शब्द मला उलट्या दिशेचा वाटतो, ऐकणाऱ्याला वाटणार की काहीतरी अडलं, कमी झालं.

'दडे बसणे' हा शब्द मला जीव की प्राण आहे, पण तो दुसऱ्याच गोष्टीचा आहे. घाट चढताना किंवा विमान उतरताना कानाच्या पडद्याच्या दोन बाजूंना हवेचा दाब वेगवेगळा होतो, मग जांभई दिली किंवा आवंढा गिळला की कानाला घशाशी जोडणारी युस्टेशियन नळी उघडते आणि दडे सुटतात. ऑक्ल्यूजनमध्ये पडद्यामागे काहीच बिघडलेलं नसतं, आवंढा गिळून काही सुटत नाही, बोट काढलं की संपलं. आता मळ साचला तरी लोक दडे बसले म्हणतात आणि घरात बोलताना म्हणायला माझी काही हरकत नाही, पण प्रोजेक्टमध्ये या दोन गोष्टी वेगळ्या राहिल्याच पाहिजेत. 'कानकोंडं होणं' म्हणजे चारचौघांत अवघडल्यासारखं होणं, तो अर्थ इतका पक्का बसलाय की तिथे दुसरा घुसवता येणार नाही.

मग 'अनुनाद' का नाही, असंही कोणी म्हणेल. आवाज घुमतो म्हणजे अनुनाद असणार असं वाटतं खरं. पण साधारण अडीच सेंटीमीटर लांबीच्या आपल्या कर्णनलिकेचा, ती उघडी असताना, अनुनाद ३००० हर्ट्झच्या आसपास असतो आणि हा परिणाम दिसतो त्याच्या बराच खाली, १००० हर्ट्झच्या आतल्या जाड आवाजांत, आणि तिथे तो २० डेसिबल किंवा त्याहूनही जास्त भरू शकतो.

हे लक्षात कधी आलं तर फार जुनं आहे. व्हीटस्टन ब्रिजवाल्या चार्ल्स व्हीटस्टनने १८२७ मध्येच याची नोंद केली होती, आणि १८९१ मध्ये व्हिएन्नाच्या बिंग नावाच्या कानाच्या डॉक्टरने त्यावरून कानाची तपासणीच बसवली, नादकाटा कानामागच्या हाडावर ठेवायचा आणि कान बंद-उघडा करत विचारायचं, आवाजात फरक पडतो का. पण आत नेमकं काय चालतं हे माणसाच्या कानात मोजून सगळं कळत नाही, तिथे मॉडेल लागतं. स्वीडनच्या स्टेनफेल्ट आणि राइनफेल्ट यांचं २००७ मधलं मॉडेल आहे, माँट्रियलच्या ब्रुमुंड आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये बाहेरच्या कानाचं फायनाइट एलिमेंटवालं त्रिमितीय मॉडेल केलं, म्हणजे हाड, कूर्चा, त्वचा यांचे कॉम्प्युटरमध्ये बारीक बारीक तुकडे पाडायचे, प्रत्येकाला त्याचा जडपणा आणि ताठपणा द्यायचा, हाड हलवायचं आणि पडद्यापाशी हवेचा दाब किती येतो ते काढायचं.

यातून जे चित्र उभं राहतं त्यातच आपला शब्द आहे. आपण बोलतो तेव्हा कवटी थरथरते, तिच्याबरोबर कर्णनलिकेच्या भिंती, त्यातही बाहेरच्या बाजूचा मऊ कूर्चेचा भाग, आणि या भिंती आतल्या हवेला ढकलत राहतात. कान उघडा असेल तर ती हवा पुढे सरकते, दारातून बाहेर निघून जाते, दाब काही फारसा वाढत नाही. कान बंद केला की ढकलणं तेवढंच पण हवेला जायला जागा नाही, ती तिथेच दाबली जाते, आणि तो दाब पडद्यावर येतो. भिंत जास्त हलायला लागली असं नाही, आवाजाची वाट बंद झाली. याला मराठीत आपण काय म्हणतो? कोंडणं! धूर कोंडतो, वाफ कोंडते, श्वास कोंडतो. 'कोंदणं' जवळचा आहे पण तो भरून राहण्याकडे झुकतो, बंद दाराचा अर्थ 'कोंडण्या'तच आहे.

म्हणून मी लिहीन: बाहेरचा आवाज अडतो, आतला कोंडतो. क्रियापद 'आवाज कोंडणे', आणि नाम हवंच असेल तर 'ध्वनिकोंडी', वाहतूक कोंडी रोजच्या बोलण्यात आहेच त्यामुळे कोणी अडखळणार नाही. पहिल्यांदा येईल तिथे सोबत 'ऑक्ल्यूजन इफेक्ट' देवनागरीत लिहा.

या शब्दाने पुढचंही सोपं होतं. हिअरिंग एडच्या कानातल्या तुकड्याला बारीक भोक ठेवतात ते का? कोंडलेल्या आवाजाला वाट द्यायला. इअरप्लग हाडाच्या भागापर्यंत खोल घातला तर स्वतःचा आवाज कमी घुमतो, ते का? कारण थरथरणारा मऊ भाग मग प्लगच्या मागे, बाहेर राहतो, कोंडायला आत फारसं काही उरतच नाही.

माझ्या वडिलांनी कानाचं मशीन घेतलं तेव्हा आठवडाभरात काढून ठेवलं, म्हणायचे माझाच आवाज मडक्यातून येतोय. जिथून घेतलं तिथे त्यांना सांगितलं गेलं, होईल सवय. दोन वर्षं ते डबीतच होतं. नंतर दुसरीकडे एका बाईंनी मशीन हातात घेऊन बघितलं आणि म्हणाल्या, काका, तुमचा आवाज आत कोंडतोय, आपण भोक थोडं मोठं करू. बाबा लगेच म्हणाले, हां, कोंडतोय, बरोबर.