फक्त परागकण पाहून झाड कोणतं ते ओळखता येतं का?

कुळ बऱ्याचदा ओळखता येतं, जाती क्वचितच. गवतांचंच बघा. कण गोलसर, त्याला एकच छिद्र. एवढं दिसलं की गवत हे जवळजवळ नक्की, पण ज्वारी की बाजरी हे त्यावरून ठरवायला जाऊ नका.

या अभ्यासाची सगळी मदार कणाच्या कवचावर आहे. ते स्पोरोपोलेनिन नावाच्या पदार्थाचं असतं आणि कमालीचं चिवट. अ‍ॅसेटिक अनहायड्राइड आणि तीव्र सल्फ्युरिक आम्लाच्या मिश्रणात तापवलं की आतलं सगळं निघून जातं, कवचावरच्या खाचा, छिद्रं, काटे तेवढे राहतात. (हे घरी करू नका. त्या मिश्रणात पाणी पडलं तर स्फोटासारखी अभिक्रिया होते.)

माझं आवडतं उदाहरण कमळाचं. कमळ आणि कुमुदिनी एकाच तळ्यात वाढतात, पानंही गोलसर, म्हणून बरीच वर्षं दोन्ही एकाच कुळात होती. पण कमळाच्या कणावर बहुधा तीन खाचा असतात, मोहरीसारख्या. कुमुदिनीच्या कणावर तसं नसतं. तीन खाचा ही द्विदलांतल्या सर्वांत मोठ्या गटाची खूण, म्हणजे कमळ त्या गटातलं. पुढे डीएनएनेही तेच सांगितलं आणि १९९८च्या एपीजी वर्गीकरणात (डीएनएवर आधारलेल्या सपुष्प वनस्पतींच्या वर्गीकरणात) कमळ चिनाराच्या गणात, म्हणजे कुळांच्या गटात, गेलं. काश्मीरचा चिनार आणि आपलं कमळ! फुलं बघून हे कुणाला सुचलं असतं?

उलट बाजू कारवीची. कारवी अडुळशाच्या कुळातली, आणि त्या कुळात परागकणांचे इतके नमुने आहेत की त्यांवरूनच वर्गीकरण करायचा मोह होतोच. डच वनस्पतिशास्त्रज्ञ ब्रेमेकँप यांनी १९४४ साली परागकणांवर बराच भर देऊन स्ट्रोबिलँथस या प्रजातीचे (म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचे) पन्नासहून जास्त तुकडे केले. आपल्या कारवीसाठी ‘कार्विया’ ही वेगळी प्रजातीच झाली. नंतरच्या अभ्यासकांनी ते तुकडे पुन्हा जोडले, म्हणून जुन्या पुस्तकांत कार्विया आणि नव्यांत स्ट्रोबिलँथस दिसतं. माझ्या मते एकाच लक्षणावर इतका भार टाकणं चुकीचंच होतं.

तुम्ही पुण्यात असाल, तर कॉलेजच्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली जास्वंदीचे काटेरी कण आणि बाभळीचे एकत्र चिकटलेले कणांचे गठ्ठे आधी बघा. पुढे जायचं असेल तर आघारकर संस्थेत किंवा भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पुणे कार्यालयात चौकशी करा. दोन्हीकडे वाळवलेल्या नमुन्यांचा संग्रह आहे, आणि कित्येक दशकं जुन्या नमुन्यातूनही चांगले परागकण मिळतात.