सातवीतली मुलगी, फ्रिजवरची सर्टिफिकेटं आणि गच्चीतली काठी

पत्र

आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगी बारा वर्षांची, सातवीत आहे. लहानपणी तिला मुंग्या, दगड, चंद्र, सगळ्याचं वेड होतं. शाळेत विज्ञान वरवर होतं असं वाटलं म्हणून गेल्या वर्षी आठवड्यातून दोनदा ऑनलाइन क्लास लावला. फी बरीच होती. दोन सर्टिफिकेटं आली, ती फ्रिजवर लावली आहेत. पण आता क्लासची वेळ झाली की तिचं पोट दुखायला लागतं. इथल्या मराठी मंडळातल्या बाकीच्या मुलांचे तीन-तीन कोर्स झालेत. दुसरा क्लास शोधू, की सगळं सोडून देऊ? जाता जाता आणखी एक. तिचे आजोबा पुण्यात असतात, निवृत्त इंजिनिअर. व्हिडिओ कॉलवर "जेवलीस का"च्या पुढे दोघांचं गाडं सरकत नाही.

उत्तर

ताई, क्लास बंद करा. उरलेल्या महिन्यांची फी बुडेल, बुडू द्या.

मी ठाण्यात बारा वर्षं सातवी-आठवीला विज्ञान शिकवलं आणि आता लंडनजवळ राहते, त्यामुळे दोन्हीकडचे पालक पाहिलेत. क्लास वाईट होता की नाही हे मला इथून सांगता येणार नाही. पण एक प्रश्न तुम्ही स्वतःला विचारा: गेल्या वर्षभरात त्या क्लासमुळे ती खुर्चीतून किती वेळा उठली? स्वयंपाकघरात जाऊन व्हिनेगर मागितलं, खिडकीशी गेली, अंगणात काही शोधलं, असं कधी झालं का? झालं नसेल, तर तो विज्ञानाचा क्लास नव्हता, विज्ञानाबद्दलची टीव्ही मालिका होती. सहावी ते आठवीच्या वयात हात रिकामे ठेवून विज्ञान शिकवणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. ऑनलाइन गोष्ट चांगली कोणती, याची माझी कसोटी एवढीच आहे की ती मुलाला पडद्यापासून उठवते का.

या कसोटीला उतरणारं बरंच काही फुकट आहे आणि त्यातलं सगळ्यात मोठं भांडार आपल्या पुण्यातलंच आहे. अरविंद गुप्ता हे आयआयटी कानपूरचे इंजिनिअर. टाकाऊ वस्तूंतून खेळणी करून विज्ञान शिकवणारे. आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षं हेच काम केलं आणि २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या संकेतस्थळावर शेकडो खेळण्यांच्या कृती आहेत, छोट्या फिल्म आहेत, पुस्तकं आहेत, आणि त्यातलं पुष्कळ मराठीत आहे. सरबताच्या नळीचं टोक चपटं करून टोकदार कापायचं आणि फुंकायचं. पिपाणी वाजते. वाजत असतानाच दुसऱ्या टोकाकडून कात्रीने नळी कापत जायचं, आवाज चढत जातो. लांबी आणि स्वर यांचं नातं सांगायला मला फळ्यावर एक तास लागायचा. (आता बऱ्याच ठिकाणी कागदी नळ्याच मिळतात, त्या ओठांत भिजून पडतात. प्लॅस्टिकची मिळाली तर तीच घ्या.) काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी यांच्यापासून त्रिकोण, चौकोन, पूल बांधायची त्यांची कृती प्रसिद्ध आहे. ती नळी तुमच्याकडे शोधत बसू नका. पुण्यात कुठल्याही सायकलच्या दुकानात मागा आणि बॅगेत लाडू-चकलीच्या डब्याशेजारी टाका.

जिथे हाताने करणं शक्य नाही किंवा धोक्याचं आहे, तिथे कोलोरॅडो विद्यापीठाचं फेट हे संकेतस्थळ वापरा. भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेल्या कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये ते सुरू केलं. त्यात चित्रं हलवून करायचे प्रयोग आहेत: तारा जोडून परिपथ, उतारावरची स्केटबोर्ड, दोलक. बरेचसे मराठीतही भाषांतरित झालेत. परिपथाच्या प्रयोगात शॉर्ट सर्किट केलं की चित्रातल्या बॅटरीला आग लागते. लागू द्या. मागे उभं राहून "असं नाही, तसं" म्हणू नका. चार वेळा आग लावून झाल्यावर मूल जे विचारतं, ते पाठ्यपुस्तकातल्या प्रश्नांपेक्षा बरं असतं.

आता आजोबांकडे वळते. पत्रात ते शेवटी आलेत, पण तुमच्या घरातला सगळ्यात चांगला ऑनलाइन विज्ञान शिक्षक तेच आहेत असं मला दिसतंय.

दोघांना मिळून पृथ्वी मोजायला सांगा. सुमारे सव्वादोन हजार वर्षांपूर्वी इरॅटोस्थेनीस नावाच्या ग्रीक पंडिताने इजिप्तमध्ये हेच केलं होतं, तेही व्हिडिओ कॉल नसताना. आजोबांनी पुण्यात गच्चीवर एक मीटरची काठी सरळ उभी करायची, मुलीने तुमच्या ड्राइव्हवेत तशीच. तारीख एकच हवी. वेळ एक असण्याची गरज नाही आणि असणारही नाही, कारण पुण्यात दुपार असते तेव्हा ती गाढ झोपेत असते. दोघांनी आपापल्या दुपारी दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकावर खडूने खूण करायची आणि सर्वांत आखूड सावली धरायची. इथे पहिली गंमत होते. सावली सर्वांत आखूड बाराला होत नाही. मार्च-सप्टेंबरच्या सुमारास पुण्यात ती साडेबारा ते पाऊणच्या दरम्यान होते, तुमच्याकडे एकच्या आसपास. घड्याळ आणि सूर्य यांचं जमत नाही हे मुलीला स्वतः सापडू द्या, आधी सांगू नका.

२१ मार्च किंवा २३ सप्टेंबरच्या आगेमागे केलंत तर पुण्यात सावली साधारण ३३ सेंटिमीटर भरेल आणि न्यू जर्सीत ८५. आलेखाच्या कागदावर काठी आणि सावलीचा काटकोन त्रिकोण काढायचा, काठीच्या टोकाशी होणारा कोन कोनमापकाने मोजायचा. आजोबांचा साडेअठरा अंश, नातीचा साडेचाळीस. फरक २२. म्हणजे ३६० अंशांच्या वर्तुळातला साधारण सोळावा भाग. आता या दोन जागांमधलं अंतर माहीत असलं की पृथ्वीचा परीघ हातात आला.

आणि इथेच माझ्या घरी फजिती झाली होती. मुलगा आठवीत असताना आम्ही हे लंडन आणि पुणे असं केलं. कोनांतला फरक आला ३३ अंश. अंतर म्हणून मी, विज्ञानाच्या बाईंनी, लंडन-मुंबई विमानाचं अंतर सांगितलं: ७२०० किलोमीटर. गुणाकार करून पृथ्वी निघाली जवळजवळ ७८,५०० किलोमीटर घेराची, म्हणजे खऱ्या पृथ्वीच्या दुप्पट फुगलेली. पुण्याहून माझे वडील म्हणाले, "अगं, लंडन वर आहे तसं बाजूलाही आहे ना!" कोनातला फरक फक्त उत्तर-दक्षिण अंतर सांगतो. विमान मात्र तिरकं जातं. मुलाने संगणकावरच्या नकाशात पुण्याहून सरळ उत्तरेला रेघ ओढली, लंडनच्या अक्षांशापर्यंत. ती कझाकस्तानात, अस्तानाच्या बाजूला पोहोचली. ३,६६० किलोमीटरच्या जवळपास. मग पृथ्वी पुन्हा चाळीस हजारांवर आली. तो मुलगा आता इतिहास शिकतो, पण अक्षांश-रेखांश विसरलेला नाही.

तुमच्यासाठी ती रेघ किर्गिझस्तानात ओश शहराजवळ पोहोचेल, सुमारे २,४५० किलोमीटरवर. मुलीने आधी न्यूयॉर्क-मुंबईचं अंतर घेतलं तर पृथ्वी पाचपट होईल. ते होऊ द्या आणि आजोबांना गप्प बसायची विनंती करा, निदान दोन दिवस.

फेब्रुवारीत दोघांना करता येण्यासारखं दुसरं काम आहे. ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट हा उपक्रम कॉर्नेल विद्यापीठाची पक्षी-प्रयोगशाळा आणि ऑडुबॉन सोसायटी यांनी १९९८ मध्ये सुरू केला. २०१३ पासून तो जगभर चालतो. चार दिवस, कुठेही बसून किमान १५ मिनिटं पक्षी मोजायचे आणि यादी पाठवायची. न्यू जर्सीत कार्डिनल आणि ब्लू जे, पुण्यात बुलबुल, तांबट, भारद्वाज. त्याच प्रयोगशाळेचं मर्लिन अ‍ॅप फोटोवरून आणि आवाजावरूनही पक्षी ओळखतं. आजोबांच्याही फोनवर टाकून द्या. बाकीच्या वाचकांसाठी सांगते: लंडनच्या बागांत किंचाळत फिरणारा हिरवा पोपट तोच आपला पोपट, आणि ऑस्ट्रेलियात जी उपद्रवी पाहुणी म्हणून बदनाम आहे ती आपली साळुंकी. परदेशात रुळलेल्या मराठी कुटुंबाला या दोघांविषयी मुलांशी बोलण्यासारखं पुष्कळ असतं.

पाऊस-बर्फाच्या दिवसांत झूनिव्हर्स हे संकेतस्थळ बघा. २००७ च्या गॅलेक्सी झू प्रकल्पातून ते उभं राहिलं. दीर्घिकांची, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या समूहांची, लाखो छायाचित्रं शास्त्रज्ञांना एकट्याने बघणं अशक्य झालं, तेव्हा त्यांनी लोकांना मदतीला बोलावलं. पहिल्याच वर्षी हॅनी व्हान आर्केल या डच शिक्षिकेला एका छायाचित्रात विचित्र डाग दिसला. तो काय आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. आज तो तिच्या नावाने ओळखला जातो. आता तिथे आफ्रिकेतल्या प्राण्यांपासून जुन्या हवामान-नोंदींपर्यंत प्रकल्प असतात. एकच चित्र अनेक जण बघतात, त्यामुळे तुमच्या मुलीचं एखादं उत्तर चुकलं म्हणून काही बिघडत नाही. सर्टिफिकेटसाठी झटणाऱ्या मुलीला ही मोकळीक हवी आहे.

मुलगी अजून तेराची नाही, म्हणून थोडं व्यवहाराचं. अमेरिकेत १९९८ च्या कायद्यानुसार तेरा वर्षांखालच्या मुलांची माहिती गोळा करायला पालकांची संमती लागते. तिला खोटं जन्मवर्ष टाकायला शिकवू नका. झूनिव्हर्सचं बरंच काम खातं न उघडता होतं. झाडं-किडे ओळखायला सीक अ‍ॅप घ्या, त्यात नोंदणी लागत नाही. पक्ष्यांच्या याद्या तुमच्या नावाने पाठवा.

मंडळातल्या त्या तीन-तीन कोर्सवाल्यांबद्दल. कुणी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या हुशार मुलांसाठीच्या केंद्राचं नाव घेईल. ते १९७९ पासून चालू आहे आणि ज्या मुलाला शाळेचा वेग खरोखर संथ पडतो त्याच्यासाठी चांगलं आहे, पण फी भरभक्कम आहे. मुलीने स्वतः मागितलं तर विचार करा, शेजारच्यांनी घेतलं म्हणून नको. पैसे भरून क्लास घ्यायचाच झाला तर आधी एक तास फुकट बघायला मागा आणि घड्याळ लावून मोजा: शिक्षक किती मिनिटं बोलले, मुलं किती. वर्गात वीसच्या वर मुलं आणि सगळ्यांचे माइक बंद असतील तर त्यापेक्षा लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनची ख्रिसमस व्याख्यानं बघा. ती १८२५ पासून चालत आली आहेत, मध्ये फक्त दुसऱ्या महायुद्धात खंड पडला. शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडेने स्वतः १९ वेळा दिली. अलीकडची फुकट बघायला मिळतात आणि त्यात टेबलावर खरोखर काहीतरी फुटतं.

भाषेचंही एक, कारण हे बहुतेक पत्रांत असतं आणि तुमच्या पत्रात नाही. बालभारतीच्या संकेतस्थळावर सहावी ते आठवीची 'सामान्य विज्ञान'ची पुस्तकं मराठी आणि इंग्रजी दोन्ही माध्यमांत फुकट उतरवून घेता येतात. तोच धडा, तीच चित्रं. मराठी माध्यमाचं पुस्तक आजोबांकडे, इंग्रजीचं नातीकडे, आणि चित्रावर बोट ठेवून शब्दांची अदलाबदल. 'प्रकाशसंश्लेषण' ऐकायला जड वाटतो, पण फोडला की आपला अर्थ आपणच सांगतो. 'शाकाहारी' तर तिला येतच असेल, फक्त गाय आणि आजी एकाच गटात बसतात हे कळल्यावर ती हसेल. एवढ्याने मराठी पक्की होणार नाही, त्यासाठी शनिवार-रविवारची मराठी शाळा आहेच. पण "जेवलीस का"च्या पुढचं वाक्य मिळेल.

सुरुवात सावलीपासून करा. हवामानाचा अंदाज बघून दोन्हीकडे ऊन असेल असा शनिवार-रविवार धरा. मार्च-सप्टेंबरची वाट बघायलाच हवी असं नाही. आकडे वेगळे येतील, फरक तोच राहील. फक्त मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत नको, तेव्हा पुण्यात दुपारची सावली उलटी, दक्षिणेकडे पडते आणि हा हिशोब चुकतो. काठी झाडूची चालेल, फक्त दोघांकडे मोजलेली आणि सरळ उभी. नातीला काठी सरळ उभी करणं जमणार नाही, तेव्हा तिने फोन करून विचारायचं. दोऱ्याला नट बांधून ओळंबा कसा करायचा, हे सांगायला आजोबांना अर्धा तास तरी लागेल.