'रूपांतरण' नको, 'रूपांतर' म्हणा, आणि त्यातलं 'अंतर' कुठलं तेही बघा

प्रश्न असा आलाय: नाकामुरा चिंगची 'गुंजो' ही जपानी मंगा (म्हणजे चित्रकथा), आणि तिच्यावरून र्‍यूइची हिरोकीने केलेला 2021 चा 'राइड ऑर डाय' हा नेटफ्लिक्सवरचा सिनेमा, या दोन्हींची तुलना करणारा लेख लिहायचाय, तर सिनेमाला मंगाचं 'रूपांतरण' म्हणायचं, 'माध्यमांतर' म्हणायचं, की सरळ अ‍ॅडॅप्टेशन लिहून मोकळं व्हायचं?

रूपांतर म्हणा. रूपांतरण नको, प्लीज. हा शब्द हल्ली सगळीकडे ऐकू येतो, बातम्यांत, अ‍ॅपवरच्या मराठी वर्णनांत, चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांच्या तोंडी, आणि दरवेळी कानाला खटकतो, कारण तो हिंदीतून उचलून आणलाय आणि आणताना आपल्याकडे तेच काम करणारा शब्द आधीपासून बसलाय हे कुणी बघितलंच नाही. परिभाषावाले यावर सांगतात की 'रूपांतर' म्हणजे तयार झालेली गोष्ट आणि 'रूपांतरण' म्हणजे ती प्रक्रिया. हे मला अजिबात पटत नाही. आपण भाषांतर करतो, भाषांतरण करत नाही. वेषांतर करतो, पक्षांतर करतो, स्थलांतर करतो. मराठीत 'करणे' लावलं की प्रक्रिया झाली, वर पुन्हा 'ण' कशाला चिकटवायचा?

रूप म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे, ते सोडून देतो. गंमत 'अंतर'मध्ये आहे. आपण 'अंतर' म्हटलं की मुंबई-पुण्याचं अंतर डोळ्यांपुढे येतं, नाहीतर 'अंतरंग'मधलं आतलं अंतर. रूपांतरातलं अंतर यांपैकी कुठलंच नाही. ते 'दुसरं' या अर्थाचं आहे. रूपांतर म्हणजे दुसरं रूप, भाषांतर म्हणजे दुसरी भाषा, देशांतर म्हणजे दुसरा देश. संस्कृत वैयाकरण 'राजान्तरम्'चा विग्रह 'अन्यो राजा' असाच करतात आणि हा समास मयूरव्यंसकादी गणात, म्हणजे नेहमीच्या नियमांत न बसणाऱ्या समासांच्या यादीत, टाकतात. आणि हे 'दुसरं' वालं अंतर जर्मन 'आंडर', लिथुआनियन 'आंत्रास' आणि इंग्रजी 'अदर' यांचं सख्खं भावंड आहे, तर आतलं अंतर लॅटिन 'इंटर'चं. म्हणजे मुळात हे दोन वेगळे शब्द, उच्चार एक झाला म्हणून एकमेकांत मिसळलेले. संस्कृत-इंग्रजी कोशकार मोनिअर-विल्यम्सने त्यांना एकाच नोंदीत कोंबलं आणि त्याच्या मागे जाणाऱ्यांनीही तेच केलं, मग 'आत'पासून 'दुसरा' हा अर्थ कसा निघाला याच्या ओढूनताणून कथा रचत बसावं लागतं. दोन मुळं मान्य करा, सगळं सरळ होतं.

अमरकोशात या एका शब्दाचे तेरा अर्थ दिलेत, त्यात अवकाश आहे, भेद आहे, छिद्र आहे, आत्मीय आहे, बाहेर आहे आणि अंतरात्माही आहे. पाणिनीचं तर एक अख्खं सूत्र यासाठी खर्च झालंय, 'अन्तरं बहिर्योगोपसंव्यानयोः' (1.1.36), म्हणजे अंतर हा शब्द 'बाहेरचा' किंवा 'आत नेसायचं वस्त्र' या अर्थाने आला की त्याला सर्वनाम समजा. आतलंही अंतर, बाहेरचंही अंतर, दुसरंही अंतर. असा शब्द मिळाल्यावर माणसाने अ‍ॅडॅप्टेशन का म्हणावं?

आता माझं एक मत सांगतो, बऱ्याच वर्षांपासून त्यावर ठाम आहे. 'पाठांतर' घ्या. संस्कृतात आणि हिंदीतही पाठांतर म्हणजे पाठभेद, पोथीतला दुसरा पाठ. मराठीत मात्र पाठांतर म्हणजे तोंडपाठ करणं! अर्थ पार उलटला, तिकडे शब्द बदललेला आणि इकडे एक अक्षर न बदललेला. हे कसं झालं? माझ्या मते मराठी माणसाने या एका शब्दात 'दुसरं' अंतर टाकून 'आतलं' अंतर बसवलं, पाठ अंतरात उतरला म्हणजे पाठांतर. हा निव्वळ चुकीचा वापर आहे असं म्हणणारे भेटतात, त्यांनी मराठी बोलणाऱ्यांच्या कानावर जरा जास्त विश्वास ठेवावा. आणि मंगावरून सिनेमा करणाऱ्याने दोन्ही अंतरं जपायला हवीत, रूप दुसरं झालं पाहिजे आणि आतलं आत राहिलं पाहिजे.

माध्यमांतर म्हणणाऱ्यांची अडचण इथेच आहे. माध्यमांतर म्हणजे दुसरं माध्यम, बस्स, कागदावरचं पडद्यावर आलं. पण इथे बदललंय त्याहून बरंच जास्त. गोष्ट माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो: नवऱ्याच्या मारहाणीत पिचलेली एक बाई शाळेपासून आपल्यावर प्रेम करणाऱ्या मैत्रिणीला नवऱ्याचा खून करायला सांगते, ती तो करते, आणि मग दोघी पळत सुटतात. मंगा 2007 साली 'मॉर्निंग टू' मासिकात सुरू झाली, पुढे 'इक्की'त गेली, तीन खंडांत संपली, आणि तिच्यात या दोघींना नावंच नाहीत. सिनेमात खून करणारी रेई होते आणि मार खाणारी नानाए. आपल्याकडे मराठवाडा विद्यापीठाच्या वेळी नामांतर की नामविस्तार यावर केवढा काळ गेला आणि 1994 ला शेवटी विस्तार झाला, तेव्हा नावाच्या मागे काय लागतं त्याने किती फरक पडतो हे मराठी वाचकाला सांगायला नको. इथे तर नामांतरही नाही आणि विस्तारही नाही, आधी नावच नव्हतं. नाव नसलेली बाई कुणीही असू शकते, शेजारची असू शकते. नाव आलं, हुद्दा आला, रेई कॉस्मेटिक सर्जन झाली, की ती एक विशिष्ट बाई होते आणि वाचकाचा तिच्यावरचा हक्क थोडा कमी होतो. मला मंगाचं निनावीपण जास्त भिडतं, हे स्पष्टच सांगतो. मंगाचा भर खुनानंतरच्या फरफटीवर आहे. सिनेमा मात्र बारपासून सुरू होतो, रेई त्या नवऱ्याला गाठते, त्याच्याबरोबर घरी जाते आणि खून आपल्यासमोर होतो, अगदी सविस्तर. आणि मग नानाए दहा वर्षांनी भेटलेल्या मैत्रिणीपुढे कपडे काढून अंगावरचे काळेनिळे वळ दाखवते, तो प्रसंग सिनेमाने फार नीट केलाय, एक शब्द जास्तीचा नाही. रेई झालेली किको मिझुहारा आणि नानाए झालेली होनामी सातो, दोघींनीही जीव ओतलाय. 142 मिनिटं मात्र मधे मधे लांबतात.

निळ्यावरून आठवलं, मंगाच्या नावाबद्दलही सांगायला हवं. 'गुंजो' म्हणजे गडद निळा रंग, शब्दशः 'निळ्याचा समूह'. समूहासाठीचं जपानी अक्षर दोन तुकड्यांचं आहे, एक 'स्वामी' आणि एक 'मेंढी'. हल्ली हे तुकडे शेजारी शेजारी लिहितात, पण नाकामुराने जुनं वळण घेतलंय, त्यात स्वामी वर आणि मेंढी खाली. तुकडे तेच, मांडणी वेगळी, याहून चांगलं रूपांतर मला दाखवा. आणि या दोघींमध्ये वर कोण आणि खाली कोण, कोण कुणाला वापरतंय, हाच तर तीन खंडभर चाललेला झगडा आहे. माझी खात्री आहे की ते जुनं अक्षर उगाच निवडलेलं नाही.

सिनेमाचं इंग्रजी नाव घ्या. राइड ऑर डाय ही अमेरिकेतल्या मोटरसायकलवाल्यांची आणि हिपहॉपवाल्यांची बोली, काहीही झालं तरी साथ न सोडणारं माणूस. याला मराठीत काय म्हणायचं असं मला कुणी विचारलेलं नाही, पण सांगतोच: अंतर न देणारी! 'मला अंतर देऊ नकोस' हे वाक्य आपल्या आज्यांच्या पिढीत सर्रास होतं, अंतर देणं म्हणजे टाकणं, वाऱ्यावर सोडणं. आणि त्याची दुसरी बाजू 'अंतरणं', लेक माहेराला अंतरली म्हणजे माहेर तिला कायमचं तुटलं. रेई नानाएला अंतर देत नाही म्हणून घरच्यांना अंतरते, जोडीदारणीला अंतरते, नोकरीला अंतरते. अख्खी गोष्ट या दोन क्रियापदांत मावते, आणि नव्या मराठी लिखाणात ही दोन्ही क्रियापदं शोधूनही सापडत नाहीत, 'सोडून देणे' आणि 'गमावणे' यांवरच सगळं भागवतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

जपानी नाव याहून भारी आहे. जपानमध्ये सिनेमाचं नाव 'कानोजो'. आज त्याचे अर्थ दोन, 'ती' आणि 'गर्लफ्रेंड'. पण यातलं 'कानो' हे लांबच्या गोष्टीकडे बोट दाखवायचं जुनं रूप, 'तो पलीकडचा' अशा अर्थाचं, आणि 'जो' म्हणजे बाई. मेजी काळात (1868 ते 1912) युरोपीय भाषांतल्या 'शी'साठी जपानीत शब्द नव्हता, तेव्हा भाषांतरकारांनी 'ती पलीकडची बाई' हे वापरात आणलं, आणि पुढे तीच पलीकडची बाई प्रेयसी झाली. दुरून जवळ. आपला 'अंतर' शब्दही 'बाहेर'पासून 'आत्मीय'पर्यंत पोचलाय, अमरकोशात दोन्ही एकाच यादीत आहेत.

तर लेखात लिहा, "'राइड ऑर डाय' हे 'गुंजो'चं सिनेमारूपांतर." आणि राइड ऑर डायचा अर्थ द्यायची वेळ आली तर 'अंतर न देणारी' वापरा, तळटीप लागणार नाही.