दाखला काढला तर शिक्का बसेल?

‘‘मॅडम, शाळेतून सांगतात मुलीची तपासणी करून दाखला घ्या, दहावीला सवलत मिळेल. पण उद्या तिचं लग्न ठरवताना हाच कागद आडवा आला तर? नोकरीला लावताना कुणी विचारलं तर? बांबोळीचं नाव काढल्यापासून आमच्या सासूबाई धड जेवत नाहीत.’’

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका आईचा हा प्रश्न. दाखला म्हणजे अध्ययन अक्षमतेचा, मुलाला वाचन-लेखनात अडचण असल्याचा सरकारी कागद; आणि बांबोळी म्हणजे तिथलं मानसोपचाराचं सरकारी इस्पितळ. शाळांमधून समुपदेशक म्हणून फिरताना तो मला दर वर्षी ऐकू येतो, बहुतेक वेळा नववीच्या पालकांकडून. ह्या घरची गोष्ट त्यांच्या संमतीने सांगते आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मुलीला आपण सायली म्हणू.

सायलीचा शाळेचा रस्ता गोव्यातल्या हजारो मुलांसारखाच. घरात कोंकणी, चौथीपर्यंत गावातली सरकारी मराठी शाळा, पाचवीपासून इंग्रजी माध्यमाचं हायस्कूल. ह्या बदलात बरीच मुलं वर्ष-दोन वर्षं चाचपडतात आणि मग सावरतात. म्हणून सायली सावरली नाही तेव्हाही सगळ्यांनी इंग्रजीवरच बोट ठेवलं. एक ट्यूशन लागली, मग दुसरी. आठवीत गणिताची शाब्दिक उदाहरणं सुटेनात. पण तेच उदाहरण कुणी मोठ्याने वाचून दाखवलं की उत्तर तोंडी हजर.

मी आईला तिसरी-चौथीच्या वह्या असतील तर आणायला सांगितलं. ह्या बाबतीत आया धन्य असतात. पोटमाळ्यावरून प्लास्टिकची पिशवी आली. तिसरीतलं श्रुतलेखन उघडलं. ‘घर’चं ‘धर’, ‘भात’चा ‘मात’, जोडाक्षर आलं की त्यातलं एक अक्षर गायब. ‘शिक्षक’ हा शब्द एकाच पानावर तीन प्रकारांनी लिहिलेला आणि तिन्ही चुकीचे. खाली लाल शाईत शेरा: ‘लक्ष नाही. अक्षर सुधार.’ पुढच्या पानावर तोच शेरा, त्याच्या पुढेही तोच. म्हणजे इंग्रजी यायच्या आधी, मराठीतही हीच रड होती.

मला ह्यापेक्षा जास्त सांगून गेलं ते नाटक. गावात देवळातल्या काल्याच्या उत्सवाला हौशी मंडळी पौराणिक नाटक करतात, त्यात सायलीला राणीचं काम होतं. चांगली चार-पाच पानांची भाषणं. भावाने वाचून दाखवायची, तिने ऐकून पाठ करायची. मी तिला तीच संहिता आणायला सांगितली आणि म्हटलं, ‘‘ह्यातलं एक पान वाच.’’ तिने खणखणीत आवाजात पान म्हटलं, कुठे अडखळली नाही. फक्त तिचं बोट वाक्यामागून फिरत होतं ते आवाजाच्या दोन ओळी मागे. मग मी नाटकाबाहेरचा एक साधा उतारा दिला. तिसऱ्या ओळीपर्यंत तिचे कान लाल झाले होते.

‘अशा मुलांच्यात देव काहीतरी खास देतो’ हे वाक्य लोक फार सहज बोलतात. मला ते आवडत नाही. सायलीला अभिनय येतो, छान आहे. नसता आला तरी तिला मदत मिळायला हवीच होती. मला त्या नाटकातून कळलं ते इतकंच, की कानावाटे जे आत जातं ते टिकतं आणि डोळ्यांवाटे जायचं ते वाटेत अडकतं.

दुसरी गाठ लक्षाची. सायली वर्गात उड्या मारणारी, दंगा करणारी नव्हती. खिडकीशी शांत बसायची. डबा शाळेत विसरायचा, छत्री बसमध्ये, गृहपाठ केलेली वही घरी. एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याची आणि अतिचंचलतेची अडचण, म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर अंगात वारं शिरलेला मुलगा येतो, त्यामुळे अशा शांत मुली वर्षानुवर्षं नजरेतून सुटतात. हे निदान नुसत्या विसराळूपणावरून होत नाही. लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून असावी लागतात, घर आणि शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात, आणि त्यांनी रोजचं काम अडवलेलं असावं लागतं. ते ठरवणं मानसोपचारतज्ज्ञाचं किंवा मुलांच्या विकासातल्या डॉक्टरांचं काम आहे, माझं नाही. औषध द्यायचं की नाही हेही त्यांचंच.

आता सासूबाईंची बांबोळी. तपासणीसाठी तिथल्या मानसोपचार इस्पितळाचं, आय.पी.एच.बी.चं नाव निघालं आणि आजी म्हणाल्या, ‘‘पोरीला पिशांच्या इस्पितळात न्यायचं?’’ मी त्यांच्या घरी गेले. त्यांना पुस्तकी काही सांगितलं नाही. वाचनाच्या अडचणीची तपासणी होते तेव्हा आधी डोळे आणि कान तपासतात, मग बुद्ध्यांक बघतात आणि तो 85 च्या वर असेल तरच पुढची वाचन-लेखनाची चाचणी घेतात, हे मात्र सांगितलं. सरकारच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांत ते तसंच लिहिलेलं होतं. म्हणजे हा दाखला हातात असणं हाच मूल मतिमंद नसल्याचा पुरावा. आजी थोडा वेळ गप्प बसल्या, मग विचारलं, ‘‘सुया टोचत नाहीत ना?’’ नाहीत म्हटल्यावर विषय मिटला.

भाषेचा प्रश्नही पालक विचारतात: मराठीत शिकलेल्या मुलीची इंग्रजीत परीक्षा घेऊन काय कळणार? रास्त शंका आहे. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने 2015 मध्ये ‘डाली’ नावाच्या चाचण्या आणल्या, त्या हिंदी, कन्नड, इंग्रजीबरोबर मराठीतही आहेत. तपासणीला जाताना मुलाचं प्राथमिक शिक्षण कुठल्या भाषेत झालं ते आपणहून सांगा आणि जुन्या वह्या बरोबर न्या. दोन्ही लिप्यांत अडचण असेल तर डिस्लेक्सियाचा, म्हणजे वाचन-लेखनातल्या अध्ययन अक्षमतेचा, संशय बळावतो. फक्त इंग्रजीतच असेल तर आधी इंग्रजी नीट शिकवायचं.

तर मूळ प्रश्न. दाखला आणि बोभाटा ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दाखला तुमच्या कपाटात राहतो. तो शाळेला दाखवायचा तर तुम्ही दाखवता, बोर्डाकडे अर्ज शाळेमार्फत जातो, गावच्या नोटीस बोर्डावर तो लागत नाही. नोकरीचं तर चित्र नेमकं उलटं आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 चा. त्यात 21 प्रकारची अपंगत्वं धरली आहेत आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता त्यातली एक. प्रमाण 40 टक्के किंवा अधिक असेल तर सरकारी नोकरीतल्या 4 टक्के आरक्षणात आणि सरकारी किंवा अनुदानित उच्चशिक्षणातल्या 5 टक्के जागांत त्याचा विचार होतो. नोकरीत आडवा येईल म्हणून ज्या कागदाची भीती वाटते, तोच तिथे हक्काचा ठरतो. एक गोष्ट मात्र पालकांना माहीत नसते आणि मग खिडकीवर वाद होतात: एडीएचडी त्या 21 च्या यादीत स्वतंत्रपणे नाही. सायलीचा दाखला निघाला तो अध्ययन अक्षमतेचा.

लग्नाबद्दल मी खोटा दिलासा दिला नाही. गावात कळलं तर चार माणसं बोलतील. पण ती आत्ताही बोलतच होती. ‘आळशी’, ‘ढब्बू’, ‘नाटकात बरी हुशार, अभ्यासाच्या नावाने बोंब’. हा शिक्का तिसरीपासून बसलेला होता आणि तो पुसायला कुठलं सरकारी कार्यालय नाही. मी आईला म्हटलं, कुणाला सांगायचं ते आपण आणि सायली बसून ठरवू. सायलीने स्वतः चार नावं दिली: वर्गशिक्षिका, शाळेतली रिसोर्स टीचर (शिकण्यात अडचण असलेल्या मुलांना वेगळं शिकवणारी), भाऊ आणि एक मैत्रीण. काकीचं नाव आईने सुचवलं तर सायली म्हणाली, ‘‘काकीला सांगितलं म्हणजे म्हार्दोळच्या बाजारात दवंडी.’’ काकी वगळली.

कागदाने स्वतःहून काही होत नाही, हे दाखला मिळाल्यावर महिन्याभरात घरच्यांना कळलं. उपयोग झाला तो ह्या चार जणांचा आणि पुढे जोडल्या गेलेल्या एका पाचव्या माणसाचा. रिसोर्स टीचरने अक्षरं आणि आवाज ह्यांची जुळवणी पहिलीपासून केल्यासारखी पुन्हा धरली, लाज वाटू नये म्हणून मधल्या सुट्टीनंतर, वेगळ्या खोलीत. वर्गशिक्षिकेने फळ्यावरचं उतरवून घ्यायची सक्ती बंद केली आणि तिला वर्गात अचानक मोठ्याने वाचायला उभं करणं सोडलं. मला विचाराल तर पहिल्या महिन्यातला सर्वांत मोठा फरक ह्या दुसऱ्या गोष्टीने पडला. पोटदुखी थांबली. तोवर सोमवारी सकाळी हमखास पोट दुखायचं.

पाचवा माणूस म्हणजे गावच्या वाचनालयात संध्याकाळी बसणारे निवृत्त मास्तर. ते नाटकात प्रॉम्प्टर. सायलीने स्वतःच त्यांना विचारलं. इतिहास आणि विज्ञानाचे धडे ते मोबाईलवर रेकॉर्ड करून देऊ लागले, थांबत, मध्येच ‘हे परत ऐक गो’ म्हणत. आता फोनही मजकूर वाचून दाखवतो, पण मास्तरांच्या आवाजाची सर त्याला नाही असं सायलीचं मत.

पालकांना मी आणखी एक सांगते. घरात तुम्ही एकटेच ह्यात आहात असं समजू नका. पर्वरीची ‘संगाथ’ 1996 पासून मानसिक आरोग्य आणि मुलांच्या विकासावर काम करते. ‘सेतू’ ही संस्था विकासाच्या आणि शिकण्याच्या अडचणी असलेल्या मुलांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी आहे. पणजीत जानेवारी 2023 मध्ये पहिला पर्पल फेस्ट भरला, तेव्हा ह्याच आईने तो टीव्हीवर पाहिला होता आणि ‘आपलं तिथे काय काम’ म्हणून चॅनल बदलला होता. व्हीलचेअर दिसते, वाचता न येणं दिसत नाही. आणि हो, ‘मेंदूची सुप्त शक्ती जागवू, पंधरा दिवसांत फरक’ अशी जाहिरात आली तर पैसे खिशातच ठेवा. पाच-पाच पानं शुद्धलेखन लिहून घेण्याचंही तसंच. सायलीने दोन वर्षं लिहिलं, हात दुखला, ‘शिक्षक’ काही सुधारला नाही.

दहावीच्या परीक्षेसाठी जादा वेळ, लेखनिक असल्या सवलतींचा अर्ज नववीतच धरावा. तपासणीची तारीख मिळायला वेळ लागतो, अहवाल यायला लागतो, आणि बोर्डाचा अर्ज शाळेने वेळेत पाठवावा लागतो. दहावीच्या जानेवारीत धावत येणाऱ्या पालकांसाठी माझ्या हातात फारसं काही उरलेलं नसतं. 2018 च्या सूचनांनुसार दाखला आठव्या वर्षानंतरच मिळायचा, 14 आणि 18 व्या वर्षी फेरतपासणी व्हायची आणि अठराव्या वर्षीचा दाखला कायमचा असायचा; 2024 मध्ये नव्या सूचना आल्या, तेव्हा आत्ताचा नियम तपासणीच्या वेळी विचारून घ्या. म्हणजे मूल तिसरीत असतानाच संशय आला तर थांबू नका.

सायलीच्या बाबांबद्दल मी अजून काहीच लिहिलं नाही. ते वेल्डिंगचं काम करतात, खिडकीच्या ग्रिलची मापं कागदावर न लिहिता डोक्यात ठेवतात. सगळ्या भेटींना आले, कोपऱ्यात बसले. यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचा, अर्ज भरताना मी कागद त्यांच्यापुढे सरकवला, त्यांनी तो न बघता बायकोकडे सरकवला. शेवटच्या भेटीत आई आणि सायली बाहेर गेल्यावर त्यांनी विचारलं, ‘‘मोठ्या माणसाचं बघतात का कुठे?’’ एडीएचडीची तपासणी मानसोपचाराच्या ओपीडीत कुठल्याही वयात होते, ते सांगितलं. वाचन-लेखनासाठी मात्र मोठ्यांना हाताशी धरून शिकवणारं आपल्याकडे फार थोडं आहे, हेही सांगितलं. ते म्हणाले, ‘‘मला दाखला नको. बँकेतली स्लिप भरता आली की पुरे.’’ मास्तरांना विचारायला सांगितलं आहे. बाबा हल्ली शनिवारी, वाचनालय बंद झाल्यावर मास्तरांकडे जातात. सायलीला ठाऊक आहे, काकीला नाही.